रक्तातून कॅन्सर लवकर कळतो का? मार्करची टेस्ट करण्याआधी आणि रिपोर्ट लाल आल्यावर काय करायचं

रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. सतरा पानं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं ठीक, आणि चौदाव्या पानावर एकच आकडा ठळक लाल अक्षरांत: सीए-१२५, ८७. शेजारी छापलं होतं, ‘३५ पेक्षा कमी असावा’. नवरा झोपला होता. मी गूगल उघडलं, आणि पहाटे साडेतीनपर्यंत माझ्यापुरता मला अंडाशयाचा कॅन्सर झालेला होता.

महिला दिनाच्या निमित्तानं आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एका लॅबनं शिबिर लावलं होतं. १,९९९ रुपयांत बासष्ट तपासण्या, ‘कॅन्सर मार्करसह’ (मार्कर म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ). कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो हे ऐकून होते, म्हणून दंड पुढे केला. पुढचे पाच आठवडे आणि जवळपास एकोणीस हजार रुपये गेल्यावर निघालं काय, तर डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साचलेली साधी गाठ. शिवाय मी रक्त दिलं तो पाळीचा दुसरा दिवस होता. एवढ्यानंही हा आकडा वर जातो. ‘पाळीचा कितवा दिवस?’ हे लॅबच्या मुलानं विचारलं नव्हतं, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

त्याच शिबिरात गावाहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनीही रक्त दिलं. अण्णांचं सगळं ‘नॉर्मल’. त्यांची गोष्ट पायरी ४ मध्ये सांगते, कारण ती माझ्यापेक्षा महत्त्वाची आहे.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत हिशेब बघते. पण या धावपळीत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून क्रमानं लिहिते.

## १. आधी बघा, तुम्ही कुठल्या रांगेत आहात

काहीतरी त्रास आहे. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, स्तनात गाठ, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त, शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, सतत फुगलेलं पोट. यातलं काही असेल तर पॅकेज घेऊ नका, थेट डॉक्टरकडे जा. इथे मार्कर नॉर्मल येणं जास्त घातक, कारण माणूस ‘रक्त चांगलं आहे’ म्हणत सहा महिने घरी बसतो.

त्रास नाही, पण घरात कॅन्सर आहे (आई, मावशी, बहीण यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा) किंवा तुम्हाला हेपेटायटिस बी आहे. तुमच्यासाठी रक्ताच्या काही टेस्ट खरोखर कामाच्या आहेत. पायरी २ नीट वाचा.

त्रास नाही, घरातही कुणाला नाही, फक्त मनात धास्ती. बहुतेक जण याच रांगेत. पॅकेजं विकली जातात तीही यांनाच.

## २. कुठली टेस्ट काय सांगते

पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून जी चार-पाच नावं असतात, ती बहुतेक मूळची उपचार चालू असलेल्या पेशंटसाठी आहेत. कॅन्सर आहे हे ठरलेलं असतं, केमोनं तो दबतोय का, परत येतोय का, हे त्या आकड्याच्या चढउतारावरून बघतात. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला तोच आकडा वापरला की गोंधळ होतो.

सीए-१२५ (अंडाशय). पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, चॉकलेट सिस्ट, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हर सिरॉसिस, पोटाचा टीबी, यातल्या कशानंही वाढतो. पोटाचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही, हे ध्यानात घ्या. उलट, अंडाशयाचा कॅन्सर अगदी पहिल्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या बायकांत तो नॉर्मलच असतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ केली, काहींची फक्त सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला: तपासण्या केल्यानं अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. हे वाचलं तेव्हा मी त्या १,९९९ रुपयांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

पीएसए (प्रोस्टेट). नुसती वाढलेली प्रोस्टेट, लघवीचा संसर्ग, नुकतीच घातलेली नळी, यांनी वाढतो. आकडा ४ ते १० मध्ये आलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर निघतो. ज्यांना निघतो त्यांच्यातही काहींचा इतका मंद असतो की आयुष्यभर त्रास देणार नाही, पण ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचा २०१८ चा सल्ला असा: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, सत्तरीनंतर सरसकट करू नका. अण्णा एकाहत्तर वर्षांचे, तरी पॅकेजमध्ये होती म्हणून झाली. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही महिन्यांत त्या गोळीनं पीएसए निम्म्यावर येतो आणि आकडा खोटा धीर देतो.

सीईए (आतडं). तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये एरवीही जास्त असतो. शोधण्यासाठी नाही, उपचारानंतरच्या पाहणीसाठी.

सीए १९-९ (स्वादुपिंड). कावीळ किंवा पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यानं वाढतो. काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा कॅन्सर असला तरी शून्याजवळ.

एएफपी (लिव्हर). सगळ्यांसाठी नाही. पण हेपेटायटिस बी असून डॉक्टरांनी धोका जास्त सांगितला असेल किंवा सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी असा रिवाज आहे.

हेपेटायटिस बी आणि सी. यांना कुणी कॅन्सर टेस्ट म्हणत नाही, पण माझ्या मते रक्तातली सगळ्यात कामाची ‘कॅन्सर टेस्ट’ हीच. हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरतात. कळलं तर औषध आहे, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

बीआरसीए. ही जनुकांची टेस्ट. कॅन्सर आहे का ते सांगत नाही, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा वारशानं आलेला धोका सांगते. परस्पर करू नका. घरातल्या ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिची आधी करायची असते, आणि त्याआधी समुपदेशन लागतं. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात त्यासाठी वेगळा विभाग आहे.

## ३. रक्त द्यायचंच ठरवलं तर

- एका ओळीत लिहून काढा: आकडा वाढलेला आला तर मी कुणाकडे जाणार? उत्तर नसेल तर थांबा. मला पहिले नऊ दिवस नुसतं ‘कुणाकडे जाऊ’ यातच गेले.
- सीए-१२५ पाळीत देऊ नका. पीएसए लघवीला जळजळ असताना देऊ नका, आणि आदले दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा.
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता? लॅबला सांगा, आणि डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद ठेवा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे आकडे चुकतात, कधी वर, कधी खाली.
- लॅबला एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का बघा, आणि रिपोर्टखाली एमडी पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का तेही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तरी गल्लोगल्ली स्कॅन केलेल्या सह्या चिकटवून रिपोर्ट निघतात.
- पुन्हा टेस्ट करायची वेळ आली तर त्याच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मी नेमकं हेच चुकवलं: घाबरून तिसऱ्याच दिवशी दुसरीकडे रक्त दिलं, ७१ आलं आणि ‘उतरतोय’ म्हणून पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले.

## ४. जे रक्तात दिसत नाही ते आधी तपासा (आणि ते फुकट आहे)

अण्णांचं गाव कराड तालुक्यात. चाळीस वर्षं तंबाखू-चुना, डाव्या गालात. आमच्या शिबिरात त्यांचे सीईए, पीएसए दोन्ही नॉर्मल आले आणि ते खुशीत गावी गेले. महिन्याभरानं आशाताई घरी आल्या, तिशीपुढच्या सगळ्यांचा भरतात तो फॉर्म भरला आणि तंबाखूच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘अण्णा, उपकेंद्रावर या.’ तिथल्या आरोग्य अधिकारी मुलीनं बॅटरी लावून तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत, जिथे तंबाखूची गोळी ठेवायचे तिथेच, नखाएवढा पांढरा डाग. तिनं बोटाला गॉज गुंडाळून तो पुसून पाहिला. दुधाची किंवा बुरशीची साय असती तर निघाली असती, हा निघाला नाही. लगेच तालुक्याला दंतचिकित्सकांकडे पाठवलं, तुकडा काढून तपासायला दिला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा बदल होता. तंबाखू सुटली, दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे.

सतरा पानांच्या रिपोर्टला जे दिसलं नाही, ते एका बॅटरीला दिसलं. त्यात नवल नाही. भारतात सगळ्यात जास्त आढळणारे तीन कॅन्सर म्हणजे स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख, आणि तिन्ही डोळ्यांनी किंवा हातानं तपासता येतात. केरळात तोंडाच्या नुसत्या तपासणीनं तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. ज्यांची अशी तपासणी झाली त्यांच्यात त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी. त्याच अभ्यासात, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित ताईंनी हातानं स्तन तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास ३० टक्के घटले.

आणि आपण काय करतो? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. मी पंचेचाळिशीला आले, पदवीधर आहे, दर वर्षी पार्लरला हजारो घालवते, आणि मीही उरलेल्या ९८ मध्ये होते.

कसं करायचं: तुमच्या भागातल्या आशाताईंना किंवा एएनएम ताईंना गाठा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र (हल्ली पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असतं) किंवा शहरात पालिकेचा दवाखाना. वय ३० पूर्ण हवं. आधार आणि मोबाइल घेऊन जा. कुठल्या वारी गर्भाशयमुखाची तपासणी होते ते आधी विचारा, रोज होत नाही, आणि पाळी संपल्यावरच जा. ‘बाई आहेत का तपासायला?’ हे विचारायला लाजू नका. डाग किंवा गाठ सापडली तर रेफर चिठ्ठी देतात. ती नीट जपा, मोठ्या रुग्णालयात दाखवावी लागते.

## ५. आकडा लाल आला, आता?

पहिली गोष्ट, रात्री गूगल नको. मला माहीत आहे तुम्ही ऐकणार नाही, तरी सांगते.

दुसरी: थेट कॅन्सर सर्जनकडे धावू नका. सीए-१२५ साठी स्त्रीरोगतज्ज्ञ, पीएसएसाठी युरोलॉजिस्ट, बाकी सगळ्यासाठी तुमचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन. सोबत न्यायचं ते असं:

- मूळ रिपोर्टची पूर्ण प्रत, फक्त लाल आकड्याचा स्क्रीनशॉट नाही
- रक्त दिल्याची तारीख आणि शेवटच्या पाळीची तारीख
- चालू गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि जिममधल्या पावडरींसकट
- जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट (माझा आठ वर्षांपूर्वीचा सापडला, त्यात तीच गाठ लहान दिसत होती, निम्मी भीती तिथेच उतरली)
- घरात कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी

आणि हे विचारा: ‘हा आकडा दुसऱ्या कशानं वाढला असेल? थांबून पुन्हा केली तर चालेल का, किती दिवसांनी? आत्ता सोनोग्राफी पुरेल का?’ आमच्या बाईंनी पाळी संपल्यावर दहा दिवसांनी सोनोग्राफी करायला लावली, तिथेच उत्तर मिळालं. मधल्या काळात मी मात्र स्वतःच्या मनानं पोटाचं सीटी स्कॅन करून आले होते. एकोणीस हजारातला मोठा वाटा तोच.

सापळा: काही लॅब लाल आकड्यानंतर लगेच फोन करतात, ‘मॅडम, अ‍ॅडव्हान्स कॅन्सर पॅनेल आजच केलंत तर चाळीस टक्के सूट’. फोन ठेवा.

## ६. ‘एका नमुन्यात पन्नास कॅन्सर’ वाल्या नव्या टेस्ट

या वेगळ्या. गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे शोधून, त्यांवरच्या रासायनिक खुणांवरून कॅन्सर आहे का आणि कुठल्या अवयवाचा, याचा अंदाज बांधतात. सगळ्यात गाजलेली अमेरिकेतली गॅलेरी, किंमत ९४९ डॉलर. आपल्याकडे बेंगळुरूच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसनं डिसेंबर २०२४ मध्ये कॅन्सरस्पॉट आणली. नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स रक्तातल्या कॅन्सरपेशी शोधायच्या वाटेनं जाते.

विज्ञान भारी आहे, पण आकडे बघा. गॅलेरीचा २०२३ मध्ये छापून आलेला अभ्यास: पन्नाशीपुढचे ६,६२१ लोक. ९२ जणांना ‘खूण सापडली’ असा निकाल. त्यांपैकी खरोखर कॅन्सर ३५ जणांना, बाकी ५७ जणांनी स्कॅन आणि तपासण्यांच्या फेऱ्या मारल्या. वर्षभरात त्या सगळ्यांत मिळून १२१ जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे ८६ टेस्टमधून निसटले. पैसे असतील, वय पन्नाशीपुढचं असेल आणि पायरी ४ झालेली असेल तर डॉक्टरांशी बोलून करा, मी अडवणारी कोण. पण नॉर्मल आली म्हणून तोंड दाखवायचं थांबवू नका. सरकारी तपासणीत या टेस्ट येत नाहीत, खर्च खिशातला.

जाहिरातीत ‘अमेरिकेच्या एफडीएकडून (तिथली औषध नियामक संस्था) ब्रेकथ्रू’ असं दिसलं तर फसू नका. ब्रेकथ्रू हा दर्जा म्हणजे अर्ज लवकर तपासायची सवलत, मान्यता नव्हे.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीनं विचारलं म्हणून एवढं: आतड्याच्या कॅन्सरसाठीची शील्ड ही रक्ताची टेस्ट एफडीएनं जुलै २०२४ मध्ये रीतसर मान्य केली आहे, ४५ वर्षांपुढच्यांसाठी. अभ्यासात तिनं १०० पैकी ८३ कॅन्सर पकडले, पण कॅन्सर होण्याआधीचे आतड्यातले धोकादायक कोंब (पॉलिप) मात्र १०० पैकी १३ च. ते कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीनं मोठं आतडं बघण्याच्या तपासणीत) दिसतात आणि तिथल्या तिथे काढताही येतात.

## ७. पैसे, योजना, कागद

- सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत (प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत) १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडी फी लागते.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते, पण ती निदान झाल्यानंतरच्या उपचारांसाठी. धास्तीपोटी केलेल्या मार्करचे पैसे त्यातून मिळत नाहीत. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का आजच बघा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच अडतं. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधा. हेल्पलाइन १५५३८८.
- घरातलं कुणी सत्तरीपुढचं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही.
- जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत आयकराच्या वजावटीत दाखवता येतात, रोख दिलेले असले तरी. पावती मात्र हवी.
- आरोग्य विमा घ्यायचा विचार असेल आणि मार्कर वाढलेला आला असेल, तर अर्जात लिहा. लपवलं आणि पुढे क्लेम आला की कंपनी तोच रिपोर्ट समोर ठेवते.

सगळ्या कागदांची एक फाइल करा, तारखेच्या क्रमानं, आणि पहिल्या पानावर पेशंटचा रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या. माझ्या फाइलमध्ये त्या सतरा पानांपैकी फक्त चौदावं उरलंय. सहा महिन्यांनी सोनोग्राफीला गेले की बाई ते मागतात, आकड्याखाली पेनानं ‘पाळीचा २ रा दिवस’ असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.